कोपरा फाडलेली कार्डं

तो सोमवारी गेला. कार्ड शुक्रवारी आलं. मी ते वाचलं तोवर त्याचं तेरावं होऊन गेलं होतं.

कार्ड त्याच्या बायकोने लिहिलं होतं. त्यात बातमी होती, दशक्रियेचा वार होता आणि सगळ्यांत खाली एक ओळ होती : 'तुम्हाला माहीत होतं का, ते येऊन सांगावे.'

मला काय माहीत असायला हवं होतं, ते कळेना. नाशिकच्या एका वाचनालयात मी सहायक ग्रंथपाल आहे. मला माहीत असलेल्या बहुतेक गोष्टी पुस्तकांतल्या आहेत आणि त्यांच्यासाठी कुणी मला बोलावत नाही. पण या बाईला माझ्याकडून काहीतरी हवं होतं आणि मी तिला इतके दिवस ताटकळत ठेवलं होतं, एवढं मात्र कळलं. शिवाय उशीर का झाला तेही सांगावं लागणार होतं. कार्ड नऊ दिवस माझ्या टेबलावर पेपरवेटखाली होतं. मी रुसलो होतो म्हणून ते उलटून पाहिलं नव्हतं.

माणूस पन्नाशीला आल्यावर एका निवृत्त फौजीवर का रुसतो, ते सांगायचं तर राखीपासून सांगायला हवं.

कारगिलची लढाई जुलैत संपली. आमच्या वाचनालयाला देशभक्ती ऑगस्टात सुचली. अध्यक्षांनी ठरवलं की महिला विभागातर्फे सीमेवरच्या जवानांना राख्या पाठवायच्या आणि प्रत्येक राखीबरोबर एक हस्तलिखित पत्र द्यायचं. महिला विभागात चाळीस जणी होत्या आणि त्यांना पत्राचा मजकूर सुचेना. तेव्हा अध्यक्ष माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "तुम्ही रिकामेच असता. एक नमुना लिहून द्या, बायका उतरवून घेतील."

मी लिहून दिला. 'प्रिय भाऊराया, आपण हिमशिखरांवर जागता म्हणून आम्ही घरी निर्धास्त निजतो.' पुढेही असंच होतं. मला तेव्हा तो मजकूर बरा वाटला होता. चाळीस जणींनी तो चाळीस कागदांवर उतरवला, एकीने तर माझी खाडाखोडही उतरवली, आणि गठ्ठा रवाना झाला.

महिन्याभराने वाचनालयाच्या पत्त्यावर एक बिनतिकिटाचं फौजी आंतरदेशीय आलं. अध्यक्षांनी सत्काराच्या आशेने ते कार्यकारिणीच्या सभेत मोठ्याने वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीपासून आवाज खाली आणला.

'आपली राखी मिळाली. आमच्या तुकडीत आपल्या वाचनालयाची तेवीस पत्रं आली. सगळ्यांत एकच मजकूर आहे. तेवीसच्या तेवीस बहिणी आम्ही जागतो म्हणून निजतात. नाशिकला एवढी झोप कशाने लागते, हवेने की पाण्याने? दुसरं म्हणजे मी हिमशिखरावर नव्हतो. मी ड्रायव्हर आहे, खालच्या रस्त्यावर होतो. माझ्या ट्रकात बटाटे होते. मूळ मजकूर ज्या ताईने लिहिला तिला हे पत्र द्यावे. मी नामपूरजवळचा आहे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. म्हणून हक्काने लिहिलं.'

अध्यक्षांनी पत्र माझ्या अंगावर टाकलं. "द्या उत्तर. तुमचीच भानगड आहे."

मी तीन दिवस घेऊन उत्तर लिहिलं. मूळ ताई मीच आहे, वय बेचाळीस, मिशी आहे, आणि झोपेचं म्हणाल तर ती मला मुळीच लागत नाही. उलट टपाली त्याचं पत्र आलं : 'प्रिय ताई, मिशीचं वाचलं. पण राखी मी बांधून घेतली आहे, आता काही करता येत नाही.'

तेव्हापासून मी ताई झालो. साडेसात वर्षं त्याने मला दुसऱ्या कुठल्या नावाने लिहिलं नाही. पहिलं वर्ष अहो-जाहो होतं, मग ताईला करतात तसं सरळ अरे-तुरे झालं. मी त्याला फौजी म्हणायचो.

तो दहावी नापास होता आणि माझ्यापेक्षा जास्त वाचायचा. लष्करी ताफा रस्त्यात तासन्‌तास थांबून असतो, तेव्हा ट्रकच्या केबिनमध्ये दुसरं करण्यासारखं काही नसतं, असं त्याचं म्हणणं होतं. वाचनालयातून रद्द झालेली पुस्तकं मी त्याला पाठवायचो. त्याची परीक्षणं अर्ध्या पानाची असत. 'नायक चिडून गाडीत बसतो आणि एकदम वेगात निघून जातो. घाटात? थंड इंजिनावर? लेखकाला गाडी माहीत नाही, मग बाई काय माहीत असणार. पुस्तक क्लीनरला दिलं.' एका समीक्षाग्रंथाबद्दल त्याने एवढंच लिहिलं होतं की उतारावर चाकाला लावायला बरा पडला. त्यानंतर त्या विषयावरच्या परिसंवादांत गंभीर चेहरा ठेवणं मला जमलं नाही.

लढाईबद्दल तो लिहीत नसे. एकदाच लिहिलं, एका पत्राच्या शेवटी, टायरांच्या तक्रारीनंतर : 'जाताना बटाटे आणि येताना रिकामा, असं मी सगळ्यांना सांगतो. येताना रिकामा नसायचो. यावर पुढच्या पत्रात काही विचारलंस तर पत्रं बंद.' मी काही विचारलं नाही. मी टायरांबद्दल विचारलं.

आमची भेट एकदाच झाली. सतरा वर्षं पुरी करून तो निवृत्त झाला होता, गावी एक जुनी पिकअप घेऊन कांदे वाहत होता. देवळालीच्या फौजी कँटीनमधून सामान घ्यायला आला, तसाच वाचनालयात शिरला. दारातूनच ओरडला, "ताई आहेत का?" वाचन कक्षातल्या अकरा माना वर झाल्या. मी उठून उभा राहिलो, तर अध्यक्ष माझ्याकडे असे पाहत राहिले की जणू मी काहीतरी लपवून ठेवलं होतं आणि ते आज उघडकीला आलं.

आम्ही चहा प्यायलो. मग काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. तो पंख्याकडे बघत होता, मी त्याच्या बुटांकडे. पावसाचं झालं, एसटीचं झालं. अर्ध्या तासाने तो उठला आणि म्हणाला, "ताई, मी निघतो. घरी जाऊन लिहितो, मग बोलू." आणि खरंच, चौथ्या दिवशी चार पानं आली. पुढे त्याने मोबाईल घेतला, तेव्हा एकदा फोनही करून पाहिला. 'बाकी काय' आणि 'बाकी ठीक' असं पाच वेळा म्हणून आम्ही तो प्रयोग थांबवला.

फौज सुटल्यावर बिनतिकिटाचं आंतरदेशीयही सुटलं. तो पोस्टकार्डांवर आला. आमच्या भागातला पोस्टमन वाचनालयाची कार्डं साठवून आठवड्यातून एकदा आणायचा. फौजीला ते खपलं नाही. लष्करी रस्त्यांवर वाढलेला माणूस, त्याने आडवाट शोधली.

मयताची बातमी द्यायची असली की कार्डाचा एक कोपरा फाडून पाठवतात, हे आपल्याकडे जुनं आहे. घेणाऱ्याला वाचायच्या आधीच कळतं. असं कार्ड घरात नेत नाहीत. दारातच वाचायचं, फाडून टाकायचं आणि आंघोळ करायची. पोस्टमनही ते थैलीत ठेवून घेत नाही, त्याच दिवशी देऊन मोकळा होतो.

पहिलं आलं तेव्हा आमच्या शिपायाने ते पुठ्ठ्यावर ठेवून, हात लांब करून माझ्यापुढे धरलं. "साहेब, हातात नका घेऊ. असंच वाचा आणि घरी जाऊन आंघोळ करा." माझी आई घोटीला असते, वय झालेलं. मी वाकून वाचलं.

'ताई, मी जिवंत आहे. मागच्या कार्डाला अकरा दिवस लागले म्हणून हा उपाय केला. किती दिवसांत पोचलं ते कळव.'

दोन दिवसांत पोचलं होतं. मी त्याला शिव्यांनी भरलेलं पत्र पाठवलं, त्यात दिवसही कळवले. ती माझी चूक. त्यानंतर त्याने कोपरा असलेलं कार्ड मला कधी पाठवलंच नाही. शिपाई महिनाभर घाबरला, मग कंटाळला. "फौजींचं आलंय," म्हणून टेबलावर टाकून जाऊ लागला. एखाद्या कार्डाचा कोपरा कमी फाटला असेल तर म्हणायचा, "आज तब्येत बरी दिसते."

शेवटचं भांडण स्मरणिकेवरून झालं. वाचनालयाचा वर्धापनदिन होता. मी त्याला सहा पानं लिहिली की तू युद्धाच्या आठवणी लिही, मी संपादन करतो, ते तुझं समाजाला देणं आहे. 'देणं' या शब्दाखाली मी रेघ मारली होती. त्याचं उत्तर आलं : 'तुला पुन्हा राखी पाठवायची हुक्की आली आहे का? बटाट्यांवर स्मरणिका काढ, मी फोटो देतो.' खाली घरगुती काहीबाही होतं, ते मी नीट वाचलंही नाही. सहा पानं मी कष्टाने लिहिली होती. ठरवलं की आता याला महिनाभर उत्तर द्यायचं नाही.

त्यानंतरचं कार्ड त्या शुक्रवारी आलं. पत्ता त्याच्या अक्षरात, कोपरा फाडलेला. शिपाई म्हणाला, "फौजींचं." मी म्हटलं, "पडू दे." वर्षाची पुस्तकमोजणी चालू होती, धुळीने माझं नाक वाहत होतं, आणि मला वाटत होतं की मी त्याला शिक्षा करतोय. दुसऱ्या रविवारी मोजणीचे कागद शोधताना कार्ड हाताखाली आलं आणि मी ते उलटलं. आतलं अक्षर बाईचं होतं.

मी ते उभ्याने दोनदा वाचलं आणि फाडलं. घरी जाऊन आंघोळ केली. मग त्याची सगळी पत्रं कापडी पिशवीत भरली. ती का घेतली, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळची सटाण्याची एसटी पकडली.

त्याच्या गावात शिरताच तो दिसला. चौकात फ्लेक्स होता, पंधरा फुटी. मध्ये त्याचा पासपोर्ट फोटो मोठा करून लावलेला, मागे बर्फाचा डोंगर, आणि डोंगरावर रणगाडा. रणगाडा त्या डोंगरावर चढला कसा, हा प्रश्न त्याने अर्धं पान भरून विचारला असता. खाली लिहिलं होतं 'वीर मेजर'. तिकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात.

घराच्या ओट्यावर त्याचे चुलते बसले होते, पांढरी टोपी, हातात अडकित्ता. मी नाशिकहून आलोय म्हटल्यावर त्यांनी आधी विचारलं, "बोर्ड पाह्यना का?"

"पाहिला. पण काका, तो ट्रक चालवायचा. रसद न्यायचा."

"माले माहीत शे. बटाटा." त्यांनी सुपारी कातरली. "मंग काय, बोर्डवर बटाटा छापतस का कोनी?"

आतून त्याची बायको आली. माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, माझ्या मागे कुणी बाई आहे का तेही पाहिलं.

"नाशिकच्या ताई नाही आल्या?"

"मीच," मी म्हणालो.

ती माझ्या मिशीकडे बघत राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला. रडते आहे असं वाटून मी मान खाली घातली, तर ती हसत होती. पंधरा दिवसांचं सुतकी घर, आणि ती दाराला धरून हसत होती. "साडेसात वर्षं," ती म्हणाली. "साडेसात वर्षं मी त्या ताईचा राग राग केला. हा माणूस रविवारी अंघोळ करून, भांग पाडून पत्र लिहायला बसायचा हो."

चुलते म्हणाले, "भांग मी पण पाह्यना."

तो कसा गेला, ते त्यांनीच सांगितलं. नामपूरला कांदा मार्केटच्या रांगेत, पिकअपच्या स्टिअरिंगवर डोकं टेकून. मागचे ट्रॅक्टरवाले दहा मिनिटं हॉर्न वाजवत होते. कुणीतरी उतरून शिव्या द्यायला आला, तेव्हा कळलं.

मग हसणं थांबलं. ती आत गेली आणि फौजेतली काळी ट्रंक ओढत घेऊन आली. झाकण उघडून तिने एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. पोस्टकार्डं, कोरी. प्रत्येकावर माझा पत्ता त्याच्या अक्षरात आधीच लिहिलेला आणि प्रत्येकाचा कोपरा आधीच फाडलेला. त्यातल्याच एकावर तिने मला कळवलं होतं.

"तुम्हाला विचारलं होतं ते हे," ती म्हणाली. माझ्याशी ती जपून, शाळेतलं मराठी बोलत होती. "ते गेल्यावर संध्याकाळी ट्रंक उघडली, तर हे. स्वतःच्या हाताने कोपरे फाडलेले. पत्ता लिहिलेला. म्हणजे त्यांना माहीत होतं. डॉक्टरने काहीतरी सांगितलं असणार. मला नाही बोलले. आणि कळवायचं कुणाला? नाशिकला. तुम्हाला तरी सांगितलं होतं का, तेवढं सांगा. मी काही बोलणार नाही. फक्त खरं सांगा."

पंधरा दिवस ही बाई असा विचार करत होती की आपला नवरा मरणाची तयारी करत होता आणि शेजारी झोपून आपल्याला पत्ता लागू दिला नाही. मी त्याच शुक्रवारी कार्ड उलटलं असतं तर शनिवारी येऊन हे निस्तरलं असतं.

"वहिनी," मी म्हणालो, "ते पोस्टमनसाठी होतं."

"काय?"

"कोपरा फाडला की कार्ड लवकर पोचतं. म्हणून तो सगळ्याच कार्डांचे फाडायचा. चार वर्षं."

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय तुम्ही," ती म्हणाली.

"लवकर पोचाले?" चुलत्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "जिता माणूस सोताना मयतनं कार्ड धाडस?"

सांगून पटण्यासारखी गोष्टच नव्हती. मी पिशवी ओट्यावर पालथी केली आणि कोपरा नसलेली सगळी कार्डं बाजूला काढून तिच्यापुढे मांडली. चव्वेचाळीस होती. तिने पहिलं उचललं. सातवीपर्यंतची शाळा, बोट ठेवून वाचत होती. "ताई, मी जिवंत आहे," असं तिने मोठ्याने वाचलं आणि थांबली. तारीख पाहिली. दुसरं उचललं. 'सोसायटीच्या निवडणुकीत आमचा माणूस पडला. आज गावात माझ्यापेक्षा त्याच्या घरी जास्त सुतक आहे.' तिसरं घेतलं. चुलते शेजारी सरकले होते आणि त्यांना वाचता येत नसल्यामुळे "पुढे, पुढे," म्हणत होते.

शेवटचं कार्ड स्मरणिकेचं होतं. ते मी आपणहून तिच्या हातात दिलं नसतं, कारण त्यात माझी शोभा होती. पण गठ्ठ्यात ते होतंच. बटाट्यांवर स्मरणिका काढ, इथपर्यंत तिने वाचलं. मग ते खालचं घरगुती, जे मी रागाच्या भरात सोडलं होतं :

'पुढच्या महिन्यात देवळालीला येतो. कँटीनमधून मिक्सर घ्यायचा आहे, तीन भांड्यांचा. ही काही मागत नाही, पण जावेच्या मिक्सरकडे बघते तेव्हा मला पाहवत नाही. हिला सांगितलेलं नाही. आलो की तुझ्याकडे चहा.'

तिने ते पुन्हा वाचलं, या वेळी मनात. खाली तारीख होती, तो जायच्या बारा दिवस आधीची.

"तीन भांड्यांचा?" तिने विचारलं.

"हो."

"पुढच्या महिन्यात?"

"तसंच लिहिलंय."

"म्हणजे माहीत नव्हतं."

"नव्हतं, वहिनी."

ती ट्रंकेतली कोरी कार्डं उचलून आत गेली आणि चुलीत घालून आली. आली ती तावातावाने. "माझ्याशी हं आणि नाही. वीस वर्षं हं आणि नाही. आणि मिक्सर कुणाला सांगतो, तर तुम्हाला!" मग ती रडली. चुलत्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी एसटीची वेळ पाहिल्यासारखं केलं.

चहा झाल्यावर मी कार्डं गोळा करायला लागलो, तर तिने पिशवीवर हात ठेवला. "हे राहू द्या."

पंचवीस वर्षांत मी नोंद केल्याशिवाय एक पुस्तक कुणाला नेऊ दिलेलं नाही. मी म्हणालो, "यात काही पत्रं आहेत, वहिनी, लढाईतली. ती तुम्हाला…"

"सगळी राहू द्या," ती म्हणाली.

मी रिकाम्या हाताने परत आलो. चौकातला फ्लेक्स पुढे पावसाळ्यात वाऱ्याने फाटला आणि त्याचा एक तुकडा, रणगाड्यासकट, चुलत्यांनी कांदे साठवायच्या चाळीवर घातला, असं तिनेच मला कळवलं.

ती फोन करते, सहसा सोमवारी दुपारी. आठवड्याला एक पत्र वाचते, जास्त वाचत नाही. संवादाची एकच बाजू तिच्याकडे असल्यामुळे तिची पंचाईत होते. "भाऊ, इथे लिहिलंय, तुझं म्हणणं मला बिलकुल पटलेलं नाही. तुमचं म्हणणं काय होतं?" मला आठवत नाही. मी काहीतरी सांगतो. ती म्हणते, "मग बरोबर आहे त्यांचं." येताना रिकामा नसायचो, ते पत्र तिने वाचलं त्या सोमवारी फोन आला. तिने एवढंच विचारलं, "नाशिकला पाऊस आहे का?" मी म्हटलं, आहे.

पत्रं एकूण एकशे एकतीस होती. तिची एकशे सतरा वाचून झाली आहेत. चौदा राहिली आहेत.